अ‍ॅस्टर : नाव एक, झाडे दोन



गणपती-दसऱ्याच्या दिवसांत जांभळी, गुलाबी, पांढरी अ‍ॅस्टरची फुले आपण बाजारात पाहतो. घरामागच्या वाडीत लावली तर वर्षानुवर्षे फुलतील, या आशेने पुष्कळजण बी आणतात. पहिल्या खेपेला फुले भरघोस येतात आणि मग झाड वाळून जाते. पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात पुन्हा लावले, तर रोपे उभ्या उभ्या माना टाकतात. दर वेळी यात दोष बियाण्याचा नसतो आणि तुमच्या हाताचाही नसतो. घोळ आहे नावाचा, आणि तो सुमारे पावणेतीनशे वर्षांचा जुना आहे.

नवी मुंबईच्या गावांना हे सांगण्याचे कारण आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. आज ज्यांच्याकडे घरामागे दोन-चार गुंठे उरले आहेत, त्यांना चुकीच्या रोपापायी एक हंगाम घालवणे परवडणारे नाही.

चीनचा पाहुणा

अ‍ॅस्टर हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ तारा. युरोपातल्या चांदणीसारख्या फुलांच्या, मुळावर टिकणाऱ्या झाडांना हे नाव पूर्वीपासून होते. अठराव्या शतकात चीनमधल्या फ्रेंच धर्मप्रसारकांनी तिथल्या एका फुलाचे बी पॅरिसला धाडले. फूल दिसायला तसेच, म्हणून स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याची नोंद चीनचा अ‍ॅस्टर अशी केली. पुढे हे झाड निराळे असल्याचे ध्यानात आले आणि त्याला कॅलिस्टेफस हे नाव मिळाले. पण गावात एकदा रुळलेले नाव दप्तरात बदलले तरी तोंडातून जाते का? तसेच इथेही झाले.

आपल्या बाजारात हार-गजऱ्यांना जातो तो हाच चिनी अ‍ॅस्टर. त्याचे आयुष्य एका हंगामाचे. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेने त्याच्या कामिनी, पौर्णिमा, शशांक या जाती काढल्या, तर पुण्याच्या गणेशखिंडीतून 'फुले गणेश' नावाच्या जाती आल्या. याचे बी दर वर्षी ताजे घ्यावे, कारण जुने बी नीट उगवत नाही. मर रोगाची बुरशी मातीत राहते, म्हणून वाफ्याची जागाही दर वर्षी बदलावी.

अमेरिकेच्या खाडीकाठचा

आता दुसरा, मुळावर टिकणारा अ‍ॅस्टर. याची एक मुख्य जात उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची. तिच्या शास्त्रीय नावात 'नव्या बेल्जियमचा' असा शब्द आहे. आज न्यूयॉर्क आहे त्या बाजूच्या जुन्या डच वसाहतीचे हे लॅटिन नाव. तिथून हे झाड इंग्लंडला गेले. २९ सप्टेंबरच्या संत मायकेलच्या सणाच्या सुमारास ते फुलते, म्हणून इंग्रजांनी त्याला मायकेलमस डेझी म्हटले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्नेस्ट बॅलार्ड या बागवानाने कॉलवॉल गावी त्याच्या अनेक रंगीत जाती तयार केल्या. १९९० नंतर शास्त्रज्ञांनी याही झाडाचे नाव बदलून सिंफायोट्रिकम केले.

बघा, मूळ गावी हे झाड ओलसर जागी, खाऱ्या खाजणाच्या काठानेही वाढते. पनवेल-उरणच्या माणसाला खाजण काय ते सांगायला नको! पण म्हणून बागेतली जात आपल्या खाऱ्या मातीत लावून मोकळे होऊ नका. भातासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या जाती काढल्या. या फुलासाठी मात्र आपण वाफ्यातली मातीच बदललेली बरी.

दुसरी गोष्ट थंडीची. मूळ देशात हिवाळ्यात याचा वरचा भाग मरतो, मूळ झोपते आणि वसंतात नवे फुटवे येतात. आपल्याकडे ती झोप नाही. उलट चार महिने पावसाची झड. पाणी तुंबले की मूळ कुजते. म्हणून नाशिक-पुण्याच्या कोरड्या हवेत हे झाड जितके सुखाने राहील, तितके इथे राहणार नाही. इथे त्याला जपावे लागेल.

जपायचे कसे?

१. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात लावा. गादीवाफा फूटभर उंच करा. त्यात तांबडी माती आणि कुजलेले शेणखत घाला.
२. रोप रुजले की शेंडा खुडा, म्हणजे फुटवे वाढतात. दिवस लहान होऊ लागले की कळी धरते.
३. पाणी बुंध्याशी द्या. पाने ओली ठेवू नका आणि रोपे दाटीने लावू नका, नाहीतर भुरी येते.
४. फुले संपली की दांडे जमिनीलगत कापा.
५. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा उपटून शेवंतीसारखा विभागा. कडेचे जोमदार फुटवे लावा, मधला जुना भाग टाकून द्या.
६. पावसाळ्यापूर्वी चार फुटवे कुंडीत काढून उजेडाच्या पडवीत, पागोळ्या लागणार नाहीत असे ठेवा. वाफ्यातली झाडे गेली तरी बेणे हाती राहील.

रोपवाटिकेत गेलात की नुसता "अ‍ॅस्टर आहे का?" असे विचारू नका. "बियांचा की फुटव्यांचा? एका हंगामाचा की टिकणारा?" असे विचारा. चिठ्ठी असेल तर कॅलिस्टेफस लिहिले आहे की सिंफायोट्रिकम, तेही पाहा. बाजारासाठी लावायचा तर चिनी अ‍ॅस्टर बरा. अंगणासाठी टिकणारा आणा, पण आधी पाच-दहा रोपेच लावून पाहा. एक पावसाळा निभावला, की मग वाफा वाढवा.