रंगाचा वास आणि परभणीचे माळवद (थ्रेड)

दिवाळीपूर्वी भिंती रंगवल्या की वास रेंगाळतो. मग खोलीत धूप फिरतो, चिरलेला कांदा ठेवला जातो. परभणीकडील जुन्या माळवदाच्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता.

कारण चुना. विरवलेल्या चुन्याचा थर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो; बाहेर पडते ते केवळ पाणी. शिवाय धूर व उजेडासाठी छतात ठेवलेले साणे वर साचलेली उष्ण, कोंदट हवाही बाहेर काढी.

तैलरंगाचे तसे नाही. टर्पेंटाइन लवकर उडते. परंतु त्यातले जवसाचे तेल वाळते ते ऑक्सिजन शोषून, आणि त्या क्रियेत उग्र वासाची द्रव्ये बरेच दिवस सुटत राहतात. (जवस मात्र मराठवाड्याचेच जुने पीक!)

१९४२ साली मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. पुढे डबाबंद रंग इथेही आले. माळवदाच्या जागी स्लॅब पडला आणि साणे गेले.

धूप हा वास झाकतो, घालवत नाही. समोरासमोरच्या खिडक्या आणि छतालगतचा झरोका दिवसभर उघडा ठेवणे, हेच साण्याचे काम. दमट हवेत रंग सावकाश वाळतो, म्हणून पावसाळा सरल्यावरच हात घालावा.