तवंग, पापुद्रा आणि पडदा

आज एकाच शब्दाची गोष्ट सांगणार आहे. शब्द आहे फिल्म.

आपण हा शब्द दिवसातून चार वेळा वापरतो. जत्रेत तंबूत लागते ती फिल्म. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात, ती काळी फिल्म. मोबाईलच्या काचेवर चिकटवतात तीही फिल्म. आणि मुलांच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात थिन फिल्म म्हणून एक धडा असतो, त्यात साबणाचा फुगा आणि रस्त्यावर सांडलेलं तेल असतं. सिनेमा आणि सांडलेलं तेल यांचं नाव एकच कसं? तर इंग्रजीत हा शब्द सिनेमापेक्षा कितीतरी जुना आहे. त्याचा मूळ अर्थ पातळ कातडी, पापुद्रा. आपल्याकडे यासाठी एक सोडून किती शब्द आहेत बघा. दुधावर धरते ती साय. रश्शावर तरंगतो तो तवंग, विदर्भातल्या बायका त्याला तर्री म्हणतील, कोल्हापूरकडच्या कट म्हणतील. कांद्याचा निघतो तो पापुद्रा. स्वयंपाक करणारीला या गोष्टी रोज दिसतात, म्हणूनच एवढी नावं.

आता या तवंगावर विज्ञानातलं एक मोठं काम झालं, तेही खरकट्या भांड्यांच्या पाण्यावरून. अग्नेस पॉकेल्स तिचं नाव. जन्म १८६२ चा, पुढे घर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात. मुलींच्या शाळेत शिकली, पदार्थविज्ञानाची गोडी लागली. पण तेव्हा तिकडच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. आईवडील सतत आजारी, त्यांची सेवा आणि घर हिच्यावर. धाकटा भाऊ फ्रीडरिश मात्र विद्यापीठात गेला, पदार्थविज्ञानच शिकला. तो बहिणीला पुस्तकं पाठवायचा. भावाला शिकवायचं आणि बहिणीने घर बघायचं, हे फक्त आपल्याकडचंच नाही, एवढं लक्षात ठेवू या.

भांडी घासताना पाण्यावर तेलाचा तवंग येतो, साबण पडला की तो पळतो, हे आपण सगळ्याच बघतो. अग्नेसने विचारलं, हा तवंग पाण्याच्या वरच्या थराला नेमकं करतो काय? अठरा-वीस वर्षांची असताना तिने घरच्या घरी एक साधन बनवलं. पत्र्याची पन्हळ, ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ खोल. काठोकाठ पाणी. वर आडवी पत्र्याची एक पट्टी, ती पाण्याला टेकलेली, पुढेमागे सरकणारी. पट्टी सरकवली की तवंग एका बाजूला गोळा होतो आणि मागचं पाणी स्वच्छ राहतं. अगदी आपण ओटा पुसतो तसं. मग एक छोटी चकती पाण्याला टेकवायची आणि तराजूने वर ओढायची. सुटायला किती वजन लागतं, त्यावरून पाण्याचा पृष्ठताण कळतो. तिला दिसलं ते असं: तवंग ऐसपैस पसरलेला असतो तेव्हा पाणी जणू स्वच्छ असल्यासारखंच वागतं. पट्टीने जागा कमी करत गेलं की एका ठरावीक ठिकाणी ताण एकदम उतरायला लागतो. म्हणजे तिथे तेलाच्या कणांची एकमेकांत दाटी झालेली असते.

हे काम तिने दहा वर्षं केलं आणि कोणी विचारलं नाही. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नावाचे फार मोठे शास्त्रज्ञ याच विषयावर काम करत होते. त्यांनी १८९० मध्ये दाखवलं होतं की पाण्यावर नाचणारा कापूर थांबवायला तेलाचा दीड-दोन नॅनोमीटर जाड थर पुरतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दीड-दोन भाग. त्यांच्या कामाबद्दल वाचून अग्नेसने जानेवारी १८९१ मध्ये त्यांना जर्मनमध्ये लांबलचक पत्र लिहिलं. वय २८, पदवी नाही, प्रयोगशाळा नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रॅलेंच्या पत्नीने त्या पत्राचं इंग्रजी केलं. रॅलेंनी ते 'नेचर' या साप्ताहिकाकडे पाठवलं आणि विनंती केली की हे छापा. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आलं, तिच्या नावाने. रॅले मनात आणते तर मजकूर आपल्या पुढच्या लेखात घालून टाकते. कोणाला कळलं असतं? त्यांनी तसं केलं नाही, ही त्यांची सज्जनता. पण तिने दहा वर्षं मोजमापं लिहून ठेवली होती आणि पत्र टाकायचं धाडस केलं, म्हणून सज्जनतेला वाव तरी मिळाला. पुढे अमेरिकेत अर्विंग लँगम्युर यांनी तशीच पन्हळ सुधारून वापरली, त्यांना १९३२ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने अग्नेसला मानद डॉक्टरेट दिली. ती तेव्हा ७० वर्षांची होती.

हा प्रयोग आपल्याला घरी करता येतो. ताटली साबणाने घासून खळखळून धुवा, तेलकटपणा अजिबात नको. स्वच्छ पाणी भरा आणि देवापुढच्या कापराचा अगदी बारीक कण सोडा. तो भिरभिरायला लागेल. कापूर विरघळतो तिकडे पाण्याचा ताण कमी होतो, दुसरीकडचं पाणी त्याला ओढतं, म्हणून तो नाचतो. आता केसांवरून फिरवलेलं बोट पाण्याला टेकवा. नाच थांबला की समजा, तवंग पसरला. पोरांना दाखवा, फार मजा येते.

आता सिनेमाच्या फिल्मकडे येऊ. तीही एक तवंगच आहे म्हणा ना. खालची पट्टी सेल्युलॉइडची, आणि ते बनायचं कापसापासून. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची आणि मग त्यात कापूर मिसळायचा. हो, तोच कापूर. या पट्टीवर जिलेटिनचा थर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, आणि त्यात चांदीच्या क्षाराचे कण. चित्र उमटतं ते या थरात. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा अर्क. एकच जिलेटिन एकदा चांगलं का उतरतं आणि एकदा का बिघडतं, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. १९२५ मध्ये कोडॅकच्या शेपर्ड यांनी शोधून काढलं की कारण गंधकाच्या संयुगांचा लवलेश आहे, आणि तो येतो जनावरांनी खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या झाडपाल्यातून. गाईने काय चारा खाल्ला यावर नटीचा चेहरा किती उजळ दिसणार हे ठरत होतं!

ही कापसाची फिल्म भयंकर पेटायची. पाण्याखालीही विझत नसे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा आगीत गेला. आपला कितीतरी जुना सिनेमा आता फक्त नावाने उरला आहे.

मुंबईत हलती चित्रं पहिल्यांदा ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. पुढे नॉव्हेल्टी थिएटरात खेळ लागले, तेव्हा पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव जागा ठेवल्याच्या जाहिराती होत्या. म्हणजे बघायला बायका पहिल्यापासून होत्या. करायला होत्या का?

होत्या. पॅरिसमध्ये मादाम एलिझाबेथ थ्युलिए यांचा कारखाना होता. रंगीत फिल्म नव्हती, तेव्हा काळ्यापांढऱ्या पट्टीवरच्या एकेका चित्रात हाताने रंग भरायचा. नखाएवढ्या चित्रात कुंचल्याने. सुमारे २०० बायका कामाला होत्या, एकीने एकच रंग लावायचा आणि पट्टी पुढे सरकवायची. चंद्रावर जाण्याचा सिनेमा काढणाऱ्या मेलिएस यांच्या फिल्म तिथे रंगल्या. मालकिणीचं नाव राहिलं, त्या बायकांची नावं इतिहासात आली नाहीत. पापड लाटणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, पीस-रेटवर ब्लाउज शिवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना यात नवल वाटायचं कारण नाही.

आणि आपल्या घरचं उदाहरण, सरस्वतीबाई फाळके. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा, छिद्रं पाडायचं यंत्र, कोरी फिल्म अशी जुळवाजुळव करून आले. दादरच्या घरात काम सुरू झालं. पैशासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, हे पुष्कळांना माहीत असतं. दागिने देणारी बाई आपल्याला लगेच आवडते, तिच्यावर भाषणं होतात. मला मात्र दागिन्यांपेक्षा त्या छिद्रांबद्दल बोलायचं आहे.

फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रं असतात. यंत्राचे दात त्यात अडकतात, पट्टी एकेक चित्र पुढे सरकते. एका चित्राला एका बाजूला ४, दोन्ही मिळून ८. कोऱ्या फिल्मला तेव्हा ही छिद्रं पाडावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई रात्री करत. दिवसभर घरातल्या आणि कंपनीतल्या ६०-७० माणसांचा स्वयंपाक झाल्यावर. फिल्म धुण्याची रसायनंही त्या तयार करत, चित्रीकरणाला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून.

थोडा हिशेब मांडू, बचतगटाच्या बायका आहोत आपण. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फूट लांबीचा. एका फुटात १६ चित्रं, म्हणजे १२८ छिद्रं. ३,७०० गुणिले १२८ केलं तर ४,७३,६०० छिद्रं. ही फक्त एका प्रतीची. शिवाय कॅमेऱ्यात घालायची फिल्म वेगळी. यंत्र होतं, एकेक छिद्र सुईने पाडलं नाही, हे खरं. पण यंत्र चालवणारा हात लागतोच, आणि छिद्र केसभर सरकलं तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र थरथरायला लागणार. ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण काम करायला बाई मिळेना. पडद्यावर बाई नको, पडद्यामागच्या अंधारात मात्र होती. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या, तेव्हा ते चित्र पालटलं.

आम्ही गटातून शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांची प्रकरणं करतो. अर्जात धंदा कोणाचा असं विचारतात. गिरणी बाई चालवते, पट्टा तुटला तर तीच बसवते, पण रकान्यात नवऱ्याचं नाव आणि तिच्या नावापुढे गृहिणी. एका कार्यालयात तर मला सांगितलं, मॅडम, एकच आहे ना घर, काय फरक पडतो? फरक असा पडतो की पुढच्या वेळी मोठं कर्ज मागायला गेलं की अनुभव त्याचा धरला जातो. अग्नेसकडे मोजमापांची नोंद होती आणि छापलेलं पत्र होतं. सरस्वतीबाईंच्या हातचं लिहिलेलं काही आपण वाचत नाही, त्यांचं काम आपल्याला इतरांच्या सांगण्यातून कळतं.

तिसरी बाई कॅथरीन ब्लॉजेट. इथे दोन्ही फिल्म एकत्र येतात. जन्म १८९८, अमेरिका. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेत लागली, तिथली पहिली स्त्री शास्त्रज्ञ, आणि हाताखाली लागली त्याच लँगम्युर यांच्या. १९२६ मध्ये केंब्रिजची पदार्थविज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री तीच. पाण्यावरचा एक कणाचा थर काचेवर उचलून घ्यायचा, काच पुन्हा बुडवून दुसरा, मग तिसरा, असं तिने साधलं. आपण फेणीवर तेल-पिठाचा हात फिरवत पदर धरतो, तसं.

काचेवर उजेड पडला की प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के परत फिरतो. कॅमेऱ्यात चार भिंगं असली तर आठ पृष्ठभाग, म्हणजे पाव हिस्सा उजेड गेला, वर चित्रावर धुरकट झाक. ब्लॉजेटबाईंनी काचेवर ४४ थर चढवले. त्याच्या वरच्या अंगावरून परतणारा उजेड आणि खालच्या अंगावरून परतणारा उजेड एकमेकांना मारतात, परतफेड जवळजवळ शून्य, सगळा उजेड आरपार. १९३८ च्या डिसेंबरात ही काच जाहीर झाली. तो थर नाजूक होता, बोटाने पुसला जाई, म्हणून पुढे दुसऱ्यांनी कठीण लेप शोधले. पण कल्पना तीच. तुमच्या चष्म्यावर तिरपं बघितलं की हिरवट-जांभळी झाक दिसते ना, दुकानदार ज्याला अँटी-ग्लेअर म्हणतो? तोच हा तवंग.

आता सिनेमा कार्डावर आणि मोबाईलमध्ये भरतात, कापूस-जिलेटिनची पट्टी बहुतेक गेली. भिंगावरचा पातळ लेप मात्र प्रत्येक कॅमेऱ्यात आहे.

तुमच्या गावात टुरिंग टॉकीजच्या काळात तिकीट खिडकीवर बसलेली, फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतलेली कोणी आजी, मावशी असेल तर केंद्रावर कळवा. आम्ही रेकॉर्डर घेऊन येऊ. त्यांचं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही विचारून ठेवा.