२५ वर्षं उशिरा लागलेला निकाल

व्हेटर्नरीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की ओळखीतल्या कुणाचा तरी हमखास प्रश्न येतो. "दोन राउंड झाले, यादीत नाव नाही. म्हणजे मी या क्षेत्रासाठी नाहीच का?" वरवर हा कट-ऑफचा प्रश्न आहे, पण विचारणारा खरं तर स्वतःच्या लायकीबद्दल विचारत असतो. उत्तर देण्याआधी एक जुनी केस बघू. ती वाचून तुम्हाला हुरूप येईल. पण तिथेच थांबू नका. पुढे संशोधन करायचं असेल, तर हुरूप आणणारी गोष्टसुद्धा तपासून घ्यायची सवय आत्तापासूनच लावलेली बरी.

ॲलीन कस्ट १८६८ मध्ये आयर्लंडमधल्या टिपेररी परगण्यात जन्मली. लहानपणापासून तिला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. तिने आधी नर्सिंगचं शिक्षण सुरू केलं, पण ते सोडून १८९४ मध्ये एडिंबरोच्या न्यू व्हेटर्नरी कॉलेजात नाव घातलं. तेही 'कस्टन्स' या बदललेल्या आडनावाने. घरच्यांची नाचक्की नको, हे त्यामागचं कारण. कॉलेजचे प्रमुख विल्यम विल्यम्स तिच्या बाजूने होते. प्राणिशास्त्रात तिने सुवर्णपदकही मिळवलं.

अडचण पुढेच होती. ब्रिटनमध्ये शिकवायचं काम कॉलेजांचं, पण व्यावसायिक परीक्षा घेऊन नोंदवहीत नाव चढवायचं काम लंडनच्या 'रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स' या संस्थेचं. नावात कॉलेज असलं तरी तिथे वर्ग भरत नसत. आपल्याकडच्या व्हेटर्नरी कौन्सिलसारखी ती संस्था, असं समजा. १८९७ मध्ये या संस्थेने ॲलीनला परीक्षेला बसू द्यायला नकार दिला. कारण एकच, ती बाई होती. ती एडिंबरोच्या कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, संस्थेचं ठिकाण लंडनला आहे, त्यामुळे हा दावा आमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. लंडनला नव्याने दावा तिने लावला नाही.

पण तिने अभ्यासक्रम सोडला नाही. १९०० मध्ये शिक्षण पुरं करून, विल्यम्स यांचं शिफारसपत्र घेऊन ती आयर्लंडला परतली आणि रॉसकॉमनमध्ये विल्यम बर्न या पशुवैद्यकाच्या हाताखाली कामाला लागली.

आता इथे तुम्ही विचारायला हवं की परीक्षा नाही, नोंदणी नाही, मग तिने प्रॅक्टिस केली कशी? याचं उत्तर तिच्या जिद्दीपेक्षा कायद्यात जास्त सापडतं. १८८१ च्या ब्रिटिश कायद्याने 'व्हेटर्नरी सर्जन' ही पदवी लावण्याचा हक्क नोंदणी झालेल्यांपुरता राखून ठेवला होता. जनावरांवर उपचार करायला मात्र बंदी नव्हती. ब्रिटनमध्ये तसा कायदा १९४८ साली आला. म्हणजे तिच्यासाठी पाटीचा दरवाजा बंद होता, गोठ्याचा उघडा होता. गॅलवे काउंटीने पुढे तिची पशुरोग निरीक्षक म्हणून निवड केली, तेव्हाही नोंदणी नसल्याचा आक्षेप आलाच. शेवटी काम तिच्याकडे राहिलं, हुद्द्यातला 'व्हेटर्नरी' हा शब्द तेवढा गळला. १९१० मध्ये बर्न वारले आणि त्यांची प्रॅक्टिस तिने पुढे चालवली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जाऊन तिने लष्कराच्या घोड्यांच्या उपचारांना हातभार लावला.

१९१९ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की केवळ स्त्री आहे म्हणून कुणाला व्यवसायातून वगळता येणार नाही. ॲलीनने पुन्हा अर्ज केला आणि २१ डिसेंबर १९२२ ला त्याच संस्थेने तिला डिप्लोमा दिला. तेव्हा ती ५४ वर्षांची होती. दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, तिने प्रॅक्टिस थांबवली.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यासारखं बघा. माणूस तोच, संस्था तीच. १८९७ मध्ये उत्तर 'नाही' आणि १९२२ मध्ये 'हो'. मध्ये नेमका कुठला घटक बदलला? तिचा अनुभव वाढला हे खरं, पण पहिला नकार अनुभव कमी म्हणून दिलेलाच नव्हता. बदलला तो नियम. म्हणजे १८९७ चा नकार ही तिची मोजणी नव्हती, दाराच्या मापाची मोजणी होती.

इथपर्यंत हुरूप येतो. आता तपासणी.

पहिली गोष्ट, ॲलीन बॅरोनेटची मुलगी होती. पाठीशी घराणं, ओळखी, वाट बघण्याची ऐपत होती. अशी ऐपत नसलेल्या कुणाला १८९७ मध्येच घरी पाठवलं असतं, तर आज आपल्याला तिचं नावही कळलं नसतं. आपल्यापर्यंत पोहोचतात त्या शेवटी जिंकलेल्यांच्या गोष्टी. त्यामुळे 'चिकाटी ठेवली की मिळतंच' हा निष्कर्ष एवढ्या एका उदाहरणावरून निघत नाही.

दुसरी गोष्ट, तिची वाट आज तशीच्या तशी चालता येत नाही आणि चालूही नये. भारतात १९८४ च्या कायद्यानुसार पशुवैद्यकीय प्रॅक्टिससाठी नोंदणी लागते. ही अट हवीच. चुकीच्या इंजेक्शनने शेतकऱ्याची दुभती म्हैस मेली, तर 'मला आवड होती' हे उत्तर चालत नाही.

तिसरी गोष्ट तुम्हाला जास्त टोचेल. ॲलीनला मिळालेला नकार अन्यायाचा होता, म्हणून तुमचाही तसाच असेल असं नाही. माफसूच्या कॉलेजांत नीटच्या गुणांवर प्रवेश होतो. तुमचं नाव न लागण्यात काही वाटा जागांच्या संख्येचा असेल, काही प्रवर्गाच्या आणि कोट्याच्या नियमांचा, काही त्या वर्षीच्या गर्दीचा. आणि काही वाटा तुमच्या बायोलॉजीच्या कच्च्या प्रकरणांचाही असू शकतो. हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून 'मी नालायक' किंवा 'सिस्टिमच खराब' अशी चिठ्ठी चिकटवणं सोपं पडतं. दोन्ही चिठ्ठ्या आळशीपणाच्या आहेत.

त्यापेक्षा गाठोडं सोडा. यंदाचा कट-ऑफ आणि तुमचे गुण समोर ठेवा. फरक चार-पाच गुणांचा असेल तर एक अर्थ, ऐंशीचा असेल तर दुसरा. तुमच्या हातातलं काय आणि हाताबाहेरचं काय, ते वेगळं लिहा. मग ॲलीनबद्दल पडतो तो प्रश्न स्वतःला विचारा. नकारानंतरची ती २५ वर्षं तिने कशात घालवली? बराच काळ आजारी गुरांमध्ये. तुम्हाला नेमकं काय हवंय? नावामागे डॉक्टर, की जनावरांचं काम, की त्यांच्या रोगांवर संशोधन? शेवटचं असेल तर सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र यांतूनही पशुरोगांच्या प्रयोगशाळेपर्यंत वाटा जातात. शस्त्रक्रियाच करायची असेल, तर मात्र पदवीला पर्याय नाही. मग पुन्हा परीक्षा द्यायची की नाही, हे घरचा खर्च आणि तुमचं वय धरून ठरवा.

आणि एक. उशिराने किंमत वसूल केली नाही, असं ॲलीनच्या बाबतीतही म्हणता येत नाही. डिप्लोमा हातात आल्यावर तिला दोन वर्षंच काम करता आलं. ती २५ वर्षं कुणी भरून दिली नाहीत. म्हणून एखादं वर्ष गेल्याचं दुःख होत असेल तर होऊ द्या, ते खोटं नाही. फक्त ते एका वर्षाचं आहे, एवढा हिशोब चुकू देऊ नका. पुढच्या राउंडची तारीख मात्र आजच बघून ठेवा.