बिलात छापलेली बख्शिश

बासी ईदच्या संध्याकाळी घरच्यांना घेऊन पुण्यातल्या एका रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. बिल आले. जेवणाचे २,००० रुपये, त्याखाली 'सर्व्हिस चार्ज १० टक्के' म्हणून २०० आणि मग या २,२०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी. एकूण २,३१०. म्हणजे ज्याला आपण टीप समजतो, तिच्यावरही दहा रुपये कर.

बिल घेऊन आलेला मुलगा माझा जुना विद्यार्थी निघाला. आठवीत असताना मराठी वक्तृत्व स्पर्धेत त्याने दुसरे बक्षीस मिळवले होते आणि शाळेच्या कार्यक्रमात ते मीच त्याच्या हातात ठेवले होते. मी हळूच विचारले, "हे दोनशे तुम्हा मुलांना मिळतात का रे?" त्याने आधी काउंटरकडे पाहिले. मग म्हणाला, "सर, पगारातच धरलेत म्हणतात."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही, कारण ते फार जुने आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवतो, त्यामुळे या शब्दाशी दर वर्षी गाठ पडते. फारसीत 'बख्शीदन' म्हणजे देणे, आणि माफ करणेसुद्धा. उर्दूत आपण मरहूमांच्या बख्शिशीसाठी दुआ मागतो आणि टांगेवाल्याच्या हातावर ठेवलेल्या चार पैशांनाही बख्शिशच म्हणतो. तोच शब्द मराठीत आला आणि शाळेच्या मंचावर जाऊन बसला. बक्षीस समारंभ, पहिले बक्षीस, उत्तेजनार्थ बक्षीस. तलाठी कार्यालयात गेलात तर तिथे बक्षीसपत्र. अर्थ कितीही फिरले, तरी देणाऱ्याची मर्जी ही गोष्ट सगळ्यांत कायम आहे. बख्शिश मागता येते, पण तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

निदान शब्दकोशात तरी. इतिहासात मात्र लोकांनी बख्शिशीवर हक्क सांगितला आहे, तोही तलवार उपसून.

उस्मानी तुर्कांच्या जॅनिसरी फौजेचे उदाहरण घ्या. ही सुलतानाची खास पगारी पायदळ फौज. १४५१ मध्ये सुलतान मुहम्मद दुसरा गादीवर आला. पुढे दोन वर्षांनी कुस्तुंतुनिया जिंकणारा हाच. नव्या सुलतानाकडे जॅनिसरींनी राज्यारोहणाची बख्शिश मागितली आणि तरुण सुलतानाला ती द्यावी लागली. पुढे तो रिवाजच पडला. तुर्कीत त्याला 'जुलूस बख्शिशी' म्हणत. (जुलूस म्हणजे मूळ अरबीत बसणे, तख्तावर बसणे. आज आपण रस्त्यावरच्या मिरवणुकीला जुलूस म्हणतो, ज्यात बसायला कोणालाच मिळत नाही.) १५६६ मध्ये सुलेमान कानूनी मोहिमेवर असताना वारले. त्यांचा मुलगा सलीम याने ही बख्शिश देण्यात टाळाटाळ केली, तेव्हा फौजेने राजधानीत त्याची वाट अडवली. पैसे कबूल केल्यावरच प्रकरण मिटले. म्हणजे खुशीने द्यायची रक्कम आता राज्याच्या बिलात आपोआप जोडली गेली होती! १७७४ मध्ये अब्दुल हमीद पहिला गादीवर आला तेव्हा युद्धाने खजिना रिकामा होता आणि त्याने ही बख्शिश दिली नाही.

जॅनिसरींना लोभी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्या पगाराची गोष्टही पाहायला हवी. नाण्यातली चांदी कमी होत गेली तसा त्यांचा पगार आकड्यात तेवढाच राहून बाजारात आटत गेला. १५८९ मध्ये हलक्या नाण्यांत पगार दिला म्हणून त्यांनी बंड केले. पगाराचा भरवसा नसला की माणूस बख्शिशीला पगार समजू लागतो.

इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांना बख्शिश ही पूर्वेकडची खोड वाटली. त्यांच्या प्रवासवर्णनांत हात पसरणारे लोक पानोपानी भेटतात. पण १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशाने प्रामाणिकपणे कबूल केले आहे की ही गोष्ट इंग्लंडात सर्रास चालते, फक्त तिला नेमका शिष्ट शब्द त्यांच्याकडे नाही. अठराव्या शतकात तिथे बड्या घरी जेवायला गेलेल्या पाहुण्याला निघताना नोकरांच्या रांगेतून जावे लागे आणि प्रत्येकाच्या हातावर नाणे ठेवावे लागे. जेवण दोस्ताकडचे, तरी खिसा रिकामा. जर्मन आणि फ्रेंच भाषांत तर टीपेसाठी जे शब्द आहेत त्यांचा अर्थच 'पिण्यासाठी पैसे' असा होतो. आपले 'चहापाणी' त्यामानाने सोवळे होते, पुढे सरकारी कचेऱ्यांनी ते बाटवले.

टीपेचा सगळ्यात कडवट इतिहास अमेरिकेतला आहे. यादवी युद्धानंतर गुलामी संपली, लाखो काळी माणसे कामाच्या शोधात निघाली. जॉर्ज पुलमनच्या कंपनीने आपल्या झोपण्याच्या रेल्वे डब्यांत पोर्टर म्हणून त्यांना मोठ्या संख्येने घेतले. पगार तुटपुंजा ठेवला, बाकीचे प्रवाशांनी टीपेतून भागवायचे. प्रवासी या पोर्टरांना नावाने हाक मारत नसत, सरसकट 'जॉर्ज' म्हणत. मालकाचे नाव नोकराला, जसे गुलामीत होते. टीप हवी म्हणून त्या नावालाही हसून ओ द्यायची.

१९०९ पासून वॉशिंग्टनसह काही राज्यांनी टीपेवर बंदी घालणारे कायदे केले. लोकशाहीत कोणी कोणापुढे हात पसरू नये, असे म्हणणारे तेव्हा बरेच होते. पण पगार वाढवण्याची सोय त्या कायद्यांत नव्हती आणि १९२६ पर्यंत ते सगळे रद्द झाले. पोर्टरांनी वेगळा रस्ता धरला. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्हाला टीपेवर जगायचे नाही, पोट भरेल एवढा पगार द्या. बारा वर्षे झुंजल्यावर १९३७ मध्ये कंपनीने करार केला. पगार वाढला आणि महिन्याचे ४०० तास काम २४० तासांवर आले.

हॉटेल कामगारांना मात्र हे साधले नाही. १९६६ मध्ये अमेरिकेच्या किमान वेतन कायद्यात अशी तरतूद आली की वेतनाचा काही भाग टीपेतून भरून निघतो असे मालकाने धरावे. आजही तिथे केंद्रीय कायद्याने किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, पण टीप मिळवणाऱ्याला मालकाने २.१३ डॉलर दिले तरी चालते, बाकीची भर टीपेतून पडली म्हणजे झाले. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही, ते सोडा. "पगारातच धरलेत" हे वाक्य तिथे कायद्यात लिहिलेले आहे.

मोठ्या टोळक्याने जेवायला गेले की तिथेही बिलात १८-२० टक्के आपोआप लागतात. ही टीप आहे का? अमेरिकन आयकर खात्याने २०१२ मध्ये याचे उत्तर दिले. देणाऱ्यावर सक्ती नको, रक्कम त्याने ठरवावी, मालकाच्या नियमाने ती ठरू नये आणि ती कोणाला जावी हेही देणाऱ्याने ठरवावे. या कसोट्या लागत नसतील तर ती टीप नाही, हॉटेलचा आकार आहे. वाचताना मला आपला हिबा आठवला. हिब्यात देणाऱ्याने स्वखुशीने जाहीर करायचे, घेणाऱ्याने कबूल करायचे आणि वस्तूचा कब्जा प्रत्यक्ष त्याच्या हाती जायचा. कब्जा गेला नाही तर हिबा पुरा होत नाही. बिलातल्या त्या दोनशे रुपयांत माझी खुशी कोणी विचारली नव्हती आणि कब्जा काउंटरपलीकडे गेला होता.

आपल्याकडचा कायदाही तेच सांगतो. २०१७ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असल्याचे सांगितले. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात आपोआप लावण्यास मनाई केली. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि याचिकाकर्त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ग्राहकाची बाजू या निकालाने भक्कम झाली. वेटरचा पगार किती असावा हा मात्र त्या खटल्याचा विषयच नव्हता.

हे सगळे मला त्या संध्याकाळी ठाऊक होते. मी मॅनेजरला बोलावतो म्हटल्यावर मुलगा खाली वाकून म्हणाला, "सर, राहू द्या. तुम्ही निघून जाल, मग मला ऐकावं लागेल." मी गप्प बसलो. २,३१० रुपये भरले. निघताना शंभराची नोट घडी करून त्याच्या हातात दिली आणि देताना माझीच नजर खाली गेली. त्याने ती खिशात टाकली नाही. आतल्या दाराजवळ लटकवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून परत आला.

"रात्री सगळ्यांत वाटतो, सर," तो म्हणाला. "भांडीवाल्या मावशींना पण."