उलटी फिरलेली चकती

परवा गल्लीतल्या एका काकांनी गाडी थांबवली. "अरे, छतावर सोलार बसवायचंय. पण दुपारी आपण दिलेली वीज बोर्ड रात्री परत कशाला देईल? उद्या नाही म्हणाले तर?" बोर्डाच्या कंपन्या होऊन वीस वर्षं झाली, 2005 च्या जूनमध्ये, पण आमच्या सांगलीत अजून सगळे 'बोर्ड'च म्हणतात. काकांना रस्त्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबेल, समजून घ्या.

जुने काळे मीटर आठवतात? काचेमागे आडवी चकती, तिच्या कडेला एक खूण. मिक्सर लावला की भरभर फिरायची, लाईट गेले की थांबायची. लहानपणी आम्ही तिच्या फेऱ्या मोजत बसायचो. ही चकती वीज घरात आली की पुढे फिरते आणि घरातून बाहेर गेली की मागे. नेट मीटरिंगचा उगम या साध्या यंत्रात आहे. 1979 च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीवन स्ट्राँग नावाच्या वास्तुविशारदाने एका निवासी इमारतीवर सोलार पॅनेल बसवून ते वीज कंपनीच्या तारांना जोडले. वीज जास्त झाली की मीटर उलटा फिरायचा आणि आकडा कमी व्हायचा. म्हणजे दिलेल्या युनिटची किंमत घेतलेल्या युनिटइतकीच. हे कुणी समिती नेमून ठरवलं नव्हतं, चकतीला दुसरा हिशेब येतच नव्हता! कायदे मागून आले. मिनेसोटा राज्याने 1983 मध्ये 40 किलोवॉटखालच्या छोट्या उत्पादकांसाठी तो केला.

आपल्याकडे मात्र मीटर उलटा फिरणं म्हणजे वीजचोरी. म्हणून पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले ते असे, की वीज कुठल्याही दिशेने गेली तरी बरेचसे मीटर ती 'वापर' म्हणूनच मोजतात. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो. पॅनेल बसवणाऱ्या ठेकेदाराने नेट मीटर यायच्या आधीच "बघा साहेब, कसं चालतंय" म्हणून यंत्रणा चालू करून दिली आणि मीही हौसेने चालूच ठेवली. दुपारी बाहेर गेलेलं प्रत्येक युनिट माझ्या नावावर चढलं. पुढचं बिल बघून बायको म्हणाली, "सोलार बसवलंय ना आपण?" तेव्हा काका, पहिली गोष्ट ही. दोन्ही बाजू वेगळ्या मोजणारा मीटर बसेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

महाराष्ट्रात ही सोय हक्क म्हणून मिळाली ती 2015 मध्ये, राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमांनी. हिशेब असा. तीन किलोवॉटची यंत्रणा चांगल्या उन्हाच्या महिन्यात साधारण 350 युनिट देते. त्यातली 100 दिवसा घरातच वापरली, 250 बाहेर गेली आणि रात्री 200 घेतली, तर 50 युनिट शिल्लक पुढच्या महिन्यात जातात. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. ही शिल्लक 31 मार्चपर्यंतच चालते. त्यानंतर उरलेल्या युनिटचे पैसे आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात (तो दर आपण वीज घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो) आणि खातं पुन्हा शून्यावर. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवण्यात अर्थ नाही. आणि हो, लाईट गेले की बॅटरी नसलेलं सोलारही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून ते तसंच बनवलेलं असतं.

काकांचा "उद्या नाही म्हणाले तर" हा प्रश्न काही अगदीच हवेतला नाही. 2019 च्या शेवटी आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा काढला, त्यात कल नेट बिलिंगकडे होता. म्हणजे आपण दिलेलं युनिट स्वस्त आणि घेतलेलं महाग. वीज कंपनीचं म्हणणंही समजून घ्यायला हवं. दुपारचं युनिट तिला स्वस्तात मिळतं, संध्याकाळी सातचं महाग पडतं, तारा आणि डीपी सांभाळायच्या त्या वेगळ्याच. पण राज्यभरातून ग्राहकांनी आणि संघटनांनी हरकती नोंदवल्या. 30 डिसेंबर 2019 ला अंतिम विनियम आले तेव्हा एक मेगावॉटपर्यंतचं नेट मीटरिंग शाबूत होतं. उलट डीपीच्या क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंत असलेली सोलारची मर्यादा 70 टक्के झाली.

बरोबर एका वर्षाने, 31 डिसेंबर 2020 ला, केंद्राने नियम काढला की नेट मीटरिंग 10 किलोवॉटपर्यंतच. परत ओरड झाली आणि जून 2021 मध्ये ती मर्यादा 500 किलोवॉट केली गेली. कॅलिफोर्नियात मात्र एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांसाठी युनिटला युनिट हा हिशेब संपला. आपल्याकडेही 2025 च्या सुरुवातीला महावितरणच्या दरप्रस्तावावर सुनावण्या झाल्या, तेव्हा दुपारच्या युनिटची वजावट रात्रीच्या वापरातून करायची का, हाच वाद पेटला होता. चकतीला वेळ कळत नव्हती. स्मार्ट मीटरला कळते, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

तर काका, माझं मत असं. सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, तुमचा वापर महिन्याला तीनशेच्या पुढे आहे, छतावर सावली नाही. बसवा. करार 20 वर्षांचा असतो, पण हिशेबाचे नियम आयोगाच्या हातात असतात, हे सही करताना लक्षात असू द्या. पुढच्या दरप्रस्तावाची जाहीर सूचना पेपरात आली की मी इथे टाकीन. हरकत मराठीत लिहिली तरी चालते, माझ्याकडे मागची एक प्रत आहे. कुणाला हवी असेल तर सांगा.