ठिबक कंट्रोलरची चिप बागेतच प्रोग्राम करताना

मालवण पट्ट्यातील जांभ्या जमिनीत पाणी फार काळ टिकत नाही. म्हणून नारळ-काजूच्या नव्या लागवडीत ठिबक कंट्रोलरला ओलावा सेन्सर जोडला जातो आणि त्यासाठी चिपमध्ये नवा प्रोग्राम भरावा लागू शकतो. (फक्त पाण्याची वेळ बदलायची असेल तर कंट्रोलरची बटणे पुरेशी आहेत.)

चिप पीआयसी असेल तर पिककिट-३ हा हातात मावणारा प्रोग्रामर चालतो. घरी संगणकावर एमपीलॅबमध्ये चिपचा अचूक क्रमांक निवडून 'प्रोग्रामर-टू-गो' सुविधेने निर्मात्याची हेक्स फाईल त्यात भरावी. बोर्डाला वीज प्रोग्रामरने द्यायची की बोर्डाच्या बॅटरीने, तेही तिथेच ठरवावे. दोन्ही एकदम नकोत. बागेत पॉवर बँक जोडून बटण दाबायचे.

यात जुना प्रोग्राम पुसला जातो. संरक्षित चिपमधून तो आधी वाचून ठेवताही येत नाही. जुन्या प्रोग्रामची फाईल हाती नसेल तर चिपला हात लावू नये. एप्रिल-मेमध्ये कंट्रोलर बंद पडला तर कलमे सुकायला वेळ लागत नाही.

आधी व्हॉल्व्हच्या वायरी काढाव्यात. प्रोग्रामरवरील बाणाची पिन बोर्डाच्या पहिल्या पिनेशी, म्हणजे एमसीएलआरशी जुळवावी. प्रोग्रामिंगच्या वेळी तिच्यावर पाच व्होल्टपेक्षा जास्त दाब येऊ शकतो, त्यामुळे उलटी जोडणी चिपच्या जिवावर बेतते.

चिप ओळखली जात नसेल तर प्रोग्रामरला दोष देण्याआधी पिना पाहाव्यात. खाऱ्या हवेने त्यांवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण सुकवून पुन्हा प्रयत्न करावा.

शेवटी वायरी जोडून एकच व्हॉल्व्ह पाच मिनिटे चालवावा आणि टोकाच्या ड्रिपरला पाणी येते का ते पाहावे.