गणिताच्या गोळ्या

परवा रात्री जेवणं आटोपून बसलो होतो आणि मावसबहिणीचा फोन आला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडी असल्याचं निदान होऊन दोन महिने झालेत आणि आता डॉक्टरांनी गोळी सुचवली आहे. (हे तिला विचारूनच लिहितोय, तेव्हा नातेवाईक मंडळींनी लगेच फोन फिरवू नयेत!) बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "दादा, किती वर्षं द्यायची रे ही गोळी? आणि शेवटी त्याचं भलं होईल ना?"

मी डॉक्टर नाही, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देणं बरोबर नव्हतं. दुसरा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. भलं म्हणजे नक्की काय? कुणाच्या दृष्टीने? जुन्या गोष्टी उकरायची खोड आहेच, म्हणून गेले काही दिवस याच विषयावर वाचत बसलो. त्यातलं थोडंसं इथे मांडतोय.

सुरुवात एका चित्रांच्या पुस्तकापासून. १८४४ च्या नाताळात फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधत होते. एकही पसंत पडेना. शेवटी कोरी वही घरी आणली आणि स्वतःच चित्रं काढून गोष्टी लिहिल्या. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं आणि नंतरच्या आवृत्तीत त्यात फिलिप आला. हा फिलिप जेवणाच्या टेबलाशी स्वस्थ बसत नाही, खुर्ची झुलवत राहतो आणि शेवटी टेबलावरच्या कापडासकट सगळं जेवण जमिनीवर ओढतो. गोष्ट संपते तेव्हा आईवडील संतापलेले आणि उपाशी. फिलिपला काय वाटलं, ते गोष्टीत नाही.

१९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्यानं दिली. त्यात त्यांनी ४३ मुलांचं वर्णन केलं. त्यातली बरीचशी बुद्धीने चांगली, पण लक्ष टिकत नाही, स्वतःला आवरता येत नाही. हा केवळ वाईट वळणाचा परिणाम नाही, कारण शरीरातच कुठेतरी असावं, असं त्यांचं म्हणणं. केवढा दिलासा! पण नाव काय दिलं, तर नैतिक संयमातला दोष. दिलासा दिला आणि त्याच हाताने शिक्काही मारला.

पुढची गोष्ट अमेरिकेतली, ऱ्होड आयलंडची. जॉर्ज ब्रॅडली नावाचे श्रीमंत गृहस्थ. त्यांची एकुलती एक मुलगी एमा सात वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला आणि ती कायमची अपंग झाली. त्या काळी अशा मुलांसाठी काहीच सोय नव्हती. आपल्यामागे आपलं घर आणि पैसा अशा मुलांच्या इस्पितळासाठी वापरावा, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं. त्यातून १९३१ मध्ये एमाच्या नावाचं इस्पितळ सुरू झालं.

तिथेच त्यांच्या नात्यातले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली काम करत. तेव्हा मेंदूचा एक्स-रे नीट यावा म्हणून पाठीच्या कण्यातलं पाणी काढून हवा भरत. त्याने मुलांची डोकी भयंकर दुखत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखी काही फारशी थांबली नाही, पण शिक्षक चक्रावले. मुलं अभ्यासाला बसायला लागली होती! मग ब्रॅडलींनी ३० मुलांना आठवडाभर औषध देऊन पाहिलं आणि १९३७ मध्ये निष्कर्ष छापले. १४ मुलांच्या अभ्यासात ठळक फरक पडला होता. पहिल्याच दिवशी फरक दिसे आणि औषध थांबलं की त्याच दिवशी जाई. मुलांनी स्वतःच त्या औषधाचं बारसं केलं, गणिताच्या गोळ्या!

मला या सगळ्यात आवडलं ते हे, की ब्रॅडलींनी मुलांचे शब्दही नोंदवून ठेवले. एक मूल म्हणालं, अंथरूण आवरायला घेतो आणि कळायच्या आत ते आवरून झालेलं असतं. किती साधं वाक्य आहे! पण ज्याच्या हातून आजवर एकही काम पुरं झालेलं नाही, त्याच्यासाठी ते केवढं मोठं असेल.

यानंतर मात्र मुलांना विचारणं मागे पडलं. १९४४ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केलं. त्यांची बायको मार्गरीट ऊर्फ रीटा टेनिसच्या आधी ते घेई, म्हणून त्याचं नाव पडलं रिटालिन. आजारालाही नवी नवी नावं मिळत गेली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात १९६८ मध्ये भर होता अतिचंचलतेवर, १९८० मध्ये तो अवधानावर आला आणि १९८७ मध्ये दोन्ही जोडून आजचं एडीएचडी झालं. मधेच १९७० मध्ये ओमाहा शहरातली पाच ते दहा टक्के शाळकरी मुलं गोळ्यांवर आहेत, अशी बातमी आली. आकडा फुगवलेला होता, पण प्रकरण थेट अमेरिकन संसदेतल्या सुनावणीपर्यंत गेलं. गोळी मुलासाठी की वर्ग शांत राहावा म्हणून, हा वाद तेव्हापासूनचा.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे. लांबचा परिणाम काय?

यासाठी अमेरिका आणि कॅनडात एमटीए नावाचा मोठा अभ्यास झाला. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चार गट. एका गटाला काळजीपूर्वक बेतलेलं औषध, दुसऱ्याला वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला बाहेर नेहमी मिळतात ते उपचार. १४ महिन्यांनंतरचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. चंचलता आणि अवधान यांत औषधाचे दोन्ही गट पुढे होते. दोन्ही उपचार मिळालेल्यांना गोळीचा डोसही थोडा कमी पुरला.

पण १४ महिन्यांनंतर ज्याला जे हवं ते करायची मोकळीक होती. कुणी औषध सोडलं, कुणी नव्याने सुरू केलं. २००७ मध्ये तीन वर्षांनंतरचे आकडे आले, तेव्हा चार गटांतला फरक पुसला गेला होता. सगळेच गट पहिल्यापेक्षा बरे होते, पण कुणीच पुढे नव्हतं. नियमित औषध घेणाऱ्या मुलांची उंची न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटरने कमी वाढली होती, हेही त्याच अभ्यासातलं. याच मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. त्यात बहुतेकांची लक्षणं आयुष्यात कमीजास्त होत राहिली. कायमची गेली असं दहातल्या एखाद्याचंच.

म्हणजे औषध निरुपयोगी का? मुळीच नाही. २०१२ मध्ये स्वीडनमध्ये पंचवीस हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या. औषध चालू असतानाच्या काळात त्यांच्या हातून घडणारे गुन्हे पुरुषांमध्ये सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले, स्त्रियांमध्ये त्याहूनही जास्त. ब्रॅडलींनी १९३७ मध्ये पाहिलं, तेच हे. औषध ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी काम करतं. रोजच्या जेवणासारखं, आजचं जेवण पुढच्या महिन्यासाठी साठवता येत नाही. आणि नुसत्या जेवणाने कुणी वाढत नाही, हेही आपल्याला माहीत असतं.

मग उरलेलं काय? ते मला मॉन्ट्रियलमध्ये सापडलं. तिथल्या गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन या डॉक्टरांनी साठच्या दशकातल्या अतिचंचल मुलांचा ती मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. लहानपणी निदान तीन वर्षं औषध घेतलेली आणि न घेतलेली अशी मोठी झालेली मुलं त्यांनी १९८४ मध्ये ताडून पाहिली. बऱ्याच बाबतींत फरक नव्हता. पण औषध घेतलेल्यांना स्वतःबद्दल जास्त बरं वाटत होतं आणि बालपणाच्या आठवणीही जास्त चांगल्या होत्या. परीक्षेच्या गुणपत्रिकेत हे कुठे मोजतात?

आणि त्यांनी या मोठ्या झालेल्या मुलांना विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला? सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर होतं, कुणाचा तरी माझ्यावर विश्वास होता. बहुधा आईवडिलांपैकी कुणीतरी, नाहीतर एखादा शिक्षक.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो.

अलीकडे जीवनमान मोजायच्या प्रश्नावल्या मुलांनाही देतात. त्यात पुन्हापुन्हा एक गोष्ट दिसते. मुलाचं आयुष्य आईवडिलांना जितकं वाईट वाटतं, तितकं ते मुलाला स्वतःला वाटत नाही. आता कुणी म्हणेल, मुलांना आपल्या अडचणी कळत नाहीत. असेलही. पण कदाचित आपण तक्रारींची वही मोजत असतो आणि ती दिवस मोजत असतात. दोन्ही आकडे हवेत ना?

काल बहिणीला फोन केला. म्हटलं, किती वर्षं ते डॉक्टर आणि तुम्ही मिळून दर वर्षी ठरवा. उंची-वजन वेळच्या वेळी बघून घ्या. गोळी द्यायला घाबरू नकोस आणि गोळी दिली म्हणजे आपलं काम संपलं असंही समजू नकोस. आणि एकदा त्यालाच विचार, त्याला काय बदलायला हवंय.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "विचारलं होतं रे. मला वाटलं अभ्यासाचं काहीतरी सांगेल. तर म्हणाला, मधल्या सुट्टीत कुणीतरी माझ्याबरोबर डबा खायला हवं."

असो. यात गोळीची मदत होईल का? होईलही. आपली पाळी येण्याआधी तो बोलणार नाही, दुसऱ्याचा डबा सांडणार नाही, इतपत झालं तरी खूप. पण ती झाली की नाही, हे गणिताच्या मार्कांवरून कळणार नाही. त्यालाच विचारावं लागेल.